डोंगर नसलेल्या शहराचा गिर्यारोहण संघ

'दुरून डोंगर साजरे' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लांबून निळा, सुबक आणि गुळगुळीत दिसणारा डोंगर जवळ गेल्यावर काट्याकुट्यांचा व दगडधोंड्यांचा निघतो, असा तिचा व्यवहारी अर्थ. परंतु ज्यांच्या नशिबी दुरूनही डोंगर नाही, अशा माणसांनी काय करावे? जर्मनीची राजधानी बर्लिन ही अशा माणसांची नगरी आहे. शहराच्या सभोवार वाळूमिश्रित सपाट जमीन, सूचिपर्णी वृक्षांची राने, तळी आणि संथ वाहणाऱ्या नद्या. शहरात क्रॉइट्सबर्ग नावाची एक टेकडी आहे. 'बर्ग' म्हणजे पर्वत. या पर्वताची उंची सहासष्ट मीटर, आणि तीदेखील समुद्रसपाटीपासून मोजलेली! खरा पर्वत म्हणावा असा आल्प्स तेथून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर.

अशा या शहरात १८६९ सालाच्या अखेरीस काही नागरिक एकत्र आले आणि त्यांनी गिर्यारोहकांचा संघ स्थापन केला. जर्मन अल्पाइन संघाची बर्लिन शाखा या नावाने तो संघ दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहे. आज या शाखेची हकिगत आपणांस सांगावयाची आहे. या हकिगतीत शिखरे आहेत आणि हिमनद्याही आहेत. तथापि तिचा मुख्य विषय डोंगरावर बांधलेली घरे आणि त्या घरांची दारे हा आहे. कोणासाठी दार उघडावे आणि कोणासाठी लावून घ्यावे, या प्रश्नाने या संघाची जेवढी परीक्षा पाहिली, तेवढी कोणत्याही कड्याने पाहिली नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गिर्यारोहकांचा पहिला क्लब १८५७ साली लंडनमध्ये इंग्रजांनी काढला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६२ साली, व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियन अल्पाइन संघ निघाला. या संघाचा ओढा अभ्यासाकडे होता. पर्वतांविषयी व्याख्याने द्यावीत, ग्रंथ छापावेत, ज्ञान वाढवावे, हे त्याचे कार्य. हे कार्य थोर खरे. पण व्याख्यानांनी डोंगरात पायवाट होत नाही आणि वादळात सापडलेल्या वाटसरूला ग्रंथाखाली आसरा मिळत नाही. ही उणीव ज्यांना बोचली, त्यांत फ्रान्झ सेन नावाचा एक तरुण कॅथलिक धर्मगुरू होता.

सेन यांचा जन्म १८३१ साली टायरोल प्रांतातील ओट्झ खोऱ्यात झाला. १८६० साली त्यांची नेमणूक त्याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, फेंट नावाच्या गावी झाली. गाव कसले, हिमनद्यांच्या पायथ्याशी वसलेली चार घरांची वाडीच ती! उन्हाळा चिमूटभर आणि हिवाळा ढीगभर. गुरे आणि थोडेसे गवत यांवर माणसांनी कसाबसा निर्वाह करावा. सेन यांनी पाहिले की, क्वचित कोणी शहरी प्रवासी डोंगर पाहण्याच्या हौसेने इकडे येतो. पण त्याला ना धड वाट, ना मुक्कामाची सोय, ना भरवशाचा वाटाड्या. त्यांच्या मनाने घेतले की, वाटा बांधल्या, गावातील तरुणांना वाटाड्याचे काम नीट शिकविले आणि मुक्कामाला जागा केली, तर या लोकांच्या घरी दोन पैसे प्रामाणिकपणे येतील. त्यांनी धर्मगुरूच्या निवासातच पाहुण्यांना उतरवून घेण्यास आरंभ केला, आणि स्वतःच्या खर्चाने व कर्ज काढून वाटा बांधल्या. या कर्जाने पुढे त्यांची पाठ सोडली नाही. १८८४ साली श्टुबाय खोऱ्यातील नॉयश्टिफ्ट या गावी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या पदरी कीर्ती होती, पैसा नव्हता. आपल्या मेंढरांना स्वर्गाची वाट दाखविणे हे धर्मगुरूचे काम. या गृहस्थाने त्याबरोबर डोंगरातील वाटही बांधली, आणि दोन्ही कामे एकाच मायेने केली.

सेन यांना समविचारी सोबती मिळाले. प्रागचा व्यापारी योहान श्ट्यूडल हा त्यांतला एक. ग्रोसग्लॉकनर या ऑस्ट्रियातील सर्वोच्च शिखराच्या वाटेवर त्याने १८६८ साली पदरमोड करून निवाराघर बांधले होते. म्युनिकचा थिओडोर ट्राउटवाइन आणि कार्ल हॉफमान नावाचा विद्यार्थी हे आणखी दोघे. हा हॉफमान पुढच्याच वर्षी फ्रान्सशी झालेल्या युद्धात कामी आला. तेव्हा तो पुरता पंचविशीचाही नव्हता. या मंडळींच्या पुढाकाराने ९ मे १८६९ रोजी म्युनिक येथे छत्तीस जण जमले आणि जर्मन अल्पाइन संघाची स्थापना झाली. १८७३ साली ऑस्ट्रियन संघ त्यात मिळाला आणि दोहोंचा एकच मोठा संघ झाला.

या संघाची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. एका राजधानीत बसून सर्वांना हुकूम सोडणारी ती संस्था नव्हती. गावोगावी तिच्या शाखा होत्या, आणि प्रत्येक शाखा आपल्या घरची धनीण होती. तिचे सभासद तिनेच निवडावेत, तिची वर्गणी तिनेच गोळा करावी आणि आल्प्समधील एखादे खोरे आपले कार्यक्षेत्र म्हणून अंगावर घ्यावे. त्या खोऱ्यात वाटा बांधणे, खुणा रंगविणे, निवाराघर उभारणे आणि त्याची निगा राखणे ही त्या शाखेची जबाबदारी. अशा रीतीने, ज्या गावांतून पर्वत दिसतही नाहीत, तेथील नागरिकांची नावे दूरच्या हिमनद्यांच्या काठी घरांवर कोरली गेली. या स्वायत्ततेत संघाचे बळ होते. तिच्यातच पुढच्या अनर्थाला वाट कशी मिळाली, ते पुढे येईलच.

बर्लिन शाखेने कार्यक्षेत्र म्हणून निवडले ते टायरोलमधील त्सिलर खोरे. या खोऱ्याच्या माथ्यावर तीन हजार मीटरांहून उंच शिखरांची रांग आहे आणि त्यांच्या अंगाखांद्यांवर हिमनद्या पसरल्या आहेत. त्या काळी बर्लिनहून तेथे पोहोचणे हीच एक मोहीम होती. आगगाडीने येनबाख स्टेशन गाठावे, आणि पुढे सबंध खोरे घोडागाडीने किंवा पायी चालून जावे. खोऱ्यातील छोटी रेल्वे मायरहोफेन गावापर्यंत पोहोचली ती १९०२ साली. अशा आडजागी बर्लिनकरांनी १८७९ साली आपले पहिले निवाराघर उघडले. तेच आजचे प्रसिद्ध 'बर्लिनर ह्यूटं'. ते समुद्रसपाटीपासून दोन हजार चाळीस मीटरांच्या आसपास उभे आहे; म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी चारशे मीटरांचा डोंगर ठेवावा, तेव्हा या घराच्या उंबरठ्याची उंची गाठावी.

आरंभी हे घर लहानसे होते. पण पाहुणे वाढत गेले, तसे घरही वाढत गेले. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या तीन दशकांत त्याला मजल्यांवर मजले आणि दालनांवर दालने जोडली गेली. लाकडी नक्षीकामाचे प्रशस्त भोजनगृह झाले आणि त्यात झुंबरे लागली. ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून दिवे पेटविले गेले. घरात टपालकचेरी होती, फाटलेले बूट शिवण्यास चांभार होता, आणि हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारी खोलीदेखील होती. हिमनदीच्या काठी बसून बर्लिनला पत्र धाडावे आणि त्यावर त्या घराचा शिक्का उमटावा, याचे त्या काळच्या शहरी माणसाला केवढे अप्रूप वाटत असेल! १९९७ साली या घराला संरक्षित वास्तूचा मान मिळाला. ऑस्ट्रियात हा मान मिळविणारे ते पहिले डोंगरी निवाराघर होय. १८८९ साली शाखेने त्याच पर्वतरांगेत फुर्टशागल नावाचे दुसरे घर उघडले, आणि पुढे आणखी घरे व वाटा तिच्या ताब्यात आल्या.

निवाराघर म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण हॉटेल किंवा धर्मशाळा यांपैकी कोणताही शब्द त्याला पुरता लागू पडत नाही. उन्हाळ्याचे तीन-चार महिने एक गृहस्थ सहकुटुंब तेथे राहून घर चालवितो. तो सामान्यतः खोऱ्यातलाच असतो. गरम सूप, भाकरी आणि झोपण्यास फळ्यांवर अंथरलेली गादी एवढे तेथे मिळावे, ही मूळची अपेक्षा. सभासदाला पैसे कमी पडतात आणि बिछान्यावर त्याचा हक्क आधी लागतो. परंतु वादळ सुटले, धुके उतरले, रात्र झाली, आणि दारावर थाप पडली, तर आत घ्यावयाचे, मग बाहेर कोणीही असो, हा डोंगराचा अलिखित कायदा होता. हिवाळ्यात घर बंद झाले, तरी पुष्कळ ठिकाणी एक खोली वाटसरूसाठी मोकळी ठेवतात. या घरांमुळे खोऱ्यातील गवंड्यांना, हमालांना व वाटाड्यांना काम मिळाले. बर्लिनच्या कारकुनाने, डॉक्टराने, प्राध्यापकाने दिलेली वर्गणी टायरोलच्या शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचली. सेन यांची कल्पना फळाला आली होती.

आता या हकिगतीची दुसरी बाजू सांगावयाची आहे. ती सांगताना मन जड होते.

बर्लिन शाखेच्या सभासदांत वकील, डॉक्टर, व्यापारी, अध्यापक अशी मध्यमवर्गीय मंडळी होती, आणि त्यांत ज्यू कुटुंबांतील लोकही पुष्कळ होते. त्यांनी इतरांसारखीच वर्गणी भरली होती आणि इतरांसारखाच घाम गाळला होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत व ऑस्ट्रियात ज्यूद्वेषाची साथ पसरू लागली. १८९९ साली बर्लिनमध्येच 'मार्क ब्रांडेनबुर्ग' नावाची दुसरी शाखा निघाली. बाप्तिस्मा झालेल्या जर्मनांनाच तिचे सभासदत्व खुले होते. सांगणारा स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून या ओळीवरून त्याला सहज पुढे जाता येत नाही. बाप्तिस्मा हा आमच्या धर्मात देवाच्या घरात प्रवेश देणारा संस्कार आहे. त्याचे पाणी घेऊन शेजाऱ्याच्या वाटेत कुंपणाचा खांब रोवावा, हा त्या संस्काराचाच अपमान होता. आणि तो करणारे लोक रविवारी देवळात जाणारे होते.

पुढे बाप्तिस्म्याचीही किंमत उरली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा पराभव झाला, साम्राज्ये मोडली, दक्षिण टायरोल इटलीकडे गेला आणि तेथील निवाराघरेही संघाच्या हातून गेली. अपमान आणि दारिद्र्य यांनी पोळलेल्या समाजाला दोष देण्यासाठी कोणी तरी हवे होते. व्हिएन्नातील मोठ्या शाखेचा पुढारी एडुआर्ड पिखल हा होता. उत्तम गिर्यारोहक म्हणून त्याचे नाव होते. डाखश्टाइन पर्वताच्या दक्षिण कड्यावरील एक वाट आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पण कड्यावर ज्याचे हात चालतात, त्याचे मन थोर असतेच असे नाही. १९२१ साली या शाखेने 'आर्य-कलम' स्वीकारले. 'आर्य' हा आपल्या संस्कृत वाङ्मयातील शब्द. थोर, सभ्य, सदाचारी मनुष्य असा त्याचा अर्थ. सातासमुद्रापलीकडे नेऊन त्या शब्दाचा अर्थ 'जो ज्यू नाही तो' एवढाच उरविण्यात आला. ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेला मनुष्य, मग त्याने कोणताही धर्म स्वीकारलेला असो, शाखेबाहेर गेला.

बाहेर पडलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इतरांनी त्याच वर्षी व्हिएन्नात 'डोनौलांड' नावाची स्वतंत्र शाखा काढली. पुढे नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि मनुष्य जीविताच्या अर्थाविषयीच्या आपल्या ग्रंथामुळे जगाला परिचित झालेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल हे या डोनौलांडचे सभासद होते आणि कड्यांवर चढण्याचे त्यांना वेड होते. परंतु एवढ्यानेही द्वेष शमला नाही. ज्यूंनी व डोनौलांडच्या सभासदांनी येथे येऊ नये, अशा पाट्या कित्येक निवाराघरांवर लागल्या. ज्या दाराचा कायदा 'थाप पडली की उघडावे' हा होता, त्या दारावर ही पाटी! आणि १९२४ च्या डिसेंबरात म्युनिक येथे संघाची खास सभा भरून तिने डोनौलांड शाखेला फार मोठ्या बहुमताने संघाबाहेर काढले. हिटलर सत्तेवर येण्यास त्या वेळी आठ वर्षांचा अवकाश होता. कोणत्याही सरकारने हुकूम सोडलेला नव्हता; पोलिसांचा धाक नव्हता. सभासदांनी आपखुशीने हात वर केले. स्वायत्त शाखा आपले सभासद आपण निवडतात, ही जी संघाची जुनी शिस्त, तिचाच आधार घेऊन हे घडले. या गोष्टीचा विचार आपण जितका करावा तितका थोडाच होईल.

सर्वांनीच मान तुकविली नाही. हा ठराव झाल्यावर बर्लिन शाखेतील सुमारे सहाशे सभासदांनी राजीनामे दिले आणि १९२५ साली 'जर्मन अल्पाइन संघ, बर्लिन' या नावाची नवी संस्था स्थापन केली. तिच्यात ज्यू होते आणि ज्यू नसलेलेही होते. पहिल्यांना दुसरा मार्गच नव्हता. दुसऱ्यांना होता, तरीही ते बाहेर पडले. जुन्या शाखेत राहिले असते, तर झुंबरांच्या त्या भोजनगृहात त्यांची खुर्ची कायम होती. ती सोडून ते डोंगरात बेघर झाले. ज्यांचे नाव शिखरावर कोरले जात नाही, अशी ही एक चढाई होती.

बेघर झालेल्यांनी घर बांधावयास घेतले. १९२८ साली आणि त्यानंतर, त्याच त्सिलर पर्वतरांगेत, होहर रिफलर या शिखराच्या पोटाशी, एका लहानशा तळ्याकाठी या नव्या संस्थेने 'फ्रीझेनबर्ग हाउस' उभारले. ते दोन हजार चारशे अठ्ठ्याण्णव मीटर उंचीवर आहे. म्हणजे बर्लिनर ह्यूटंपेक्षाही साडेचारशे मीटर वर. दगडी भिंतींचे, उतरत्या छपराचे भक्कम घर. समोर हिमनद्यांची रांग. दाराशी अडविणारी पाटी नाही.

या घराचे सुख थोडकेच ठरले. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि १९३४ साली बर्लिनची ही संस्था विसर्जित करावी लागली. घर व्हिएन्नाच्या डोनौलांडकडे गेले. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा डोनौलांडवरही बंदी आली, तिची मालमत्ता जप्त झाली आणि फ्रीझेनबर्ग हाउस जर्मन सैन्याच्या वापरात गेले. उरलेल्या सर्व शाखा एका छत्राखाली आणण्यात आल्या आणि त्यांचा प्रमुख म्हणून ऑस्ट्रियन नाझी पुढारी आर्टूर झाइस-इंक्वार्ट याला नेमण्यात आले. न्यूरेंबर्गच्या खटल्यात दोषी ठरून १९४६ साली जे फाशी गेले, त्यांत हा एक होता. एके काळी ज्यांच्या वर्गणीतून वाटा झाल्या, त्यांपैकी ज्यांना देश सोडता आला ते परागंदा झाले. अनेकांची अखेर छळछावण्यांत झाली.

याच वर्षांत जर्मन गिर्यारोहक हिमालयात येत होते, आणि तेथे आपल्या इतिहासाशी या हकिगतीची गाठ पडते. १९३४ साली विली मेर्कल याच्या नेतृत्वाखाली जर्मनांची मोहीम काश्मीरच्या उत्तरेकडील नंगा पर्वतावर आली. जुलै महिन्यात वरच्या छावण्यांत वादळाने त्यांना गाठले. त्या वादळात तीन जर्मन आणि सहा शेर्पा मृत्यू पावले. मेर्कल चालू शकेना, तेव्हा गाय-ले नावाचा शेर्पा त्याच्याजवळ थांबला. चार वर्षांनी, १९३८ साली, दुसऱ्या जर्मन मोहिमेला त्या दोघांची शरीरे बर्फात जवळजवळ आढळली. ज्या राष्ट्राच्या गिर्यारोहकांनी स्वदेशात वंश पाहून दार लावले, त्या राष्ट्राच्या माणसाजवळ परक्या वंशाचा, परक्या धर्माचा एक हमाल अखेरपर्यंत बसून राहिला. त्याने काही भाष्य केले नाही. डोंगराचा कायदा तेवढा पाळला.

१९४५ साली युद्ध संपले, तेव्हा बर्लिन हे शहर म्हणजे विटांचा ढीग झाला होता. दोस्त राष्ट्रांनी जुने संघ मोडीत काढले. पुढे पश्चिम बर्लिनमध्ये शाखा पुन्हा उभी राहिली आणि १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियातील निवाराघरेही जर्मन शाखांना परत मिळाली. पूर्व बर्लिनमधील गिर्यारोहकांच्या वाट्याला मात्र आल्प्स उरला नाही. एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर त्यांनी आपली तहान भागविली. १९६१ साली शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि १९८९ साली ती पडेपर्यंत एका शहरातील माणसांना एका डोंगरावर जाता आले नाही.

व्हिएन्नात डोनौलांड संस्थाही पुन्हा सुरू झाली आणि फ्रीझेनबर्ग हाउस तिला परत मिळाले. पण घर परत मिळाले, तरी माणसे कोठून परत मिळणार? उरलेले सभासद थोडे होते, वृद्ध होते. अडीच हजार मीटरांवरील घराचे छप्पर दरसाल बर्फाने मोडावे आणि ते दुरुस्त करण्यास हात असू नयेत, अशी स्थिती झाली. तेव्हा १९६८ साली या मंडळींनी आपले घर एका संस्थेच्या स्वाधीन केले. ती संस्था कोणती? बर्लिन शाखा! म्हणजे जिच्यातून त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्या सहाशे जणांना बाहेर पडावे लागले होते, तीच. ज्याने दार लावले, त्याच्या हाती आपल्या दाराची किल्ली द्यावी, याला आपण काय म्हणावे? क्षमा म्हणावे, तर तसा शब्द त्यांनी उच्चारल्याचे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. निरुपाय म्हणावे, तर घर विकून टाकण्याचाही एक मार्ग असतो. विश्वास म्हणणे कदाचित सर्वांत जवळचे होईल. आणि विश्वास हे ऋण आहे, ते ज्याच्यावर ठेवले जाते त्याला फेडावे लागते.

बर्लिन शाखेने हे ऋण ओळखावयास वेळ लावला, हे खरे. परंतु ओळखले, हेही खरे. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन गिर्यारोहकांची नवी पिढी आपल्या संघाची जुनी दप्तरे उघडू लागली. २००३ साली दुरुस्त केलेले फ्रीझेनबर्ग हाउस असहिष्णुता व द्वेष यांच्या विरोधात माणसांना एकत्र आणणारे आंतरराष्ट्रीय केंद्र म्हणून समर्पित करण्यात आले. तरुण मुलांना तेथे नेऊन डोंगरही दाखवितात आणि हा इतिहासही सांगतात. २०११ साली जर्मनी, ऑस्ट्रिया व दक्षिण टायरोल येथील तिन्ही अल्पाइन संघांनी मिळून १९१८ ते १९४५ या काळातील आपला इतिहास ग्रंथरूपाने व प्रदर्शनाच्या रूपाने लोकांपुढे मांडला. संस्थेने स्वतःची कीर्ती छापणे सोपे असते. स्वतःचा कलंक स्वतः छापण्यास निराळे धैर्य लागते.

आज जर्मन अल्पाइन संघाच्या साडेतीनशेहून अधिक शाखा आहेत आणि सभासदांची संख्या पंधरा लाखांच्या घरात आहे. त्याची तीनशेहून अधिक निवाराघरे आल्प्समध्ये व इतर डोंगरांत उभी आहेत. बर्लिन शाखा त्यांतील मोठ्या शाखांपैकी एक आहे. ती मुलांना दोर बांधावयास शिकविते, हिमनदीवर चालण्याचे वर्ग घेते, सहली काढते, वाटांच्या खुणा नव्याने रंगविते. शहरात डोंगर नाही ही जुनी अडचण तिने आपल्या परीने सोडविली आहे. युद्धात विमानांवर तोफा डागण्यासाठी हुंबोल्टहाइन उद्यानात काँक्रीटचा प्रचंड बुरूज बांधला होता. त्याच्या उरलेल्या भिंतीवर आज बर्लिनची तरुण मंडळी चढण्याचा सराव करतात. युद्धात कोसळलेल्या घरांचा राडारोडा शहराच्या पश्चिमेस एकावर एक टाकून टॉयफेल्सबर्ग नावाची टेकडी तयार झाली आहे, सुमारे एकशेवीस मीटर उंचीची. तिच्यावर शाखेने चढण्यासाठी मनोरा उभारला आहे. बर्लिनला अखेर आपला डोंगर मिळाला, पण तो आपल्याच घरांच्या विटांचा.

वर, त्सिलर पर्वतरांगेत, नवी चिंता आहे. बर्लिनर ह्यूटंच्या पहिल्या पाहुण्यांना ज्या हिमनद्या जवळ दिसत, त्या हवामान तापल्यामुळे फार मागे हटल्या आहेत. जुन्या चित्रांत जेथे बर्फ आहे, तेथे आज उघडे खडक आणि वाळूचे लोट दिसतात. कोठे वाटा खचतात, कोठे पाण्याची टंचाई भासते, आणि दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी कार्यक्षेत्र अंगावर घेतले, त्यांच्या वारसांना तीच कामे नव्याने करावी लागतात.

श्रोतेहो, या पर्वतरांगेत निवाराघरांना जोडणारी एक उंचावरील वाट आहे. ती बर्लिनच्याच नावाने ओळखली जाते, आणि ती पुरी चालण्यास आठवडाभर लागतो. या वाटेने जाणारा प्रवासी एका रात्री झुंबरांच्या जुन्या भोजनगृहात जेवतो आणि दुसऱ्या एखाद्या रात्री तळ्याकाठच्या फ्रीझेनबर्ग हाउसमध्ये निजतो. पहिले घर संघाने ऐन भरात असताना बांधले. दुसरे, संघाने ज्यांना बाहेर घालविले त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी बांधले. आज दोहोंची निगा एकच शाखा राखते. संस्था आपल्याकडेही आहेत. देवळे, शाळा, वाचनालये, व्यायामशाळा, तालमी आहेत. त्यांच्या घटना आपण वाचतो, वर्धापनदिनी भाषणे करतो, हारतुरे घेतो. कोणाला आत घ्यावे याचा ठराव ज्या दिवशी सभेपुढे येतो, त्या दिवशी आपला हात कोठे असतो, एवढेच पुढची पिढी दप्तर उघडून पाहणार असते. बर्लिनच्या त्या सहाशे जणांचे हात कोठे होते, ते दप्तरात नोंदलेले आहे; आणि डोंगरावर त्यांचे घर अजून उभे आहे.